चमचे त्याने स्वतःचे मांडले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांवर लेख आला होता. त्यात जॉनी कार्सनला अर्धं पान दिलं होतं. १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२, जवळजवळ तीस वर्षं या माणसानं एनबीसी वाहिनीवर रात्री साडेअकराला देशाला जागं ठेवलं, हे आलं. त्याचं टेबल, बाजूचा सोफा, त्याच्या नावाची आरोळी देणारा सोबती एड मॅकमॅहन, त्याची चार लग्नं, त्याचा पगार, सगळं आलं. पेपर घडी करून ठेवला, पण मन काही शांत होईना. ज्या दोन रात्रींमुळे हा माणूस माझ्यासारख्या आर्वी तालुक्यातल्या माईकवाल्याला आपला वाटतो, त्या दोन रात्रींचा लेखात एक शब्दही नव्हता. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, फक्त दरबाराचा भाग कापू नका ही विनंती.

माझं मंडप-बिछायत आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. १९८८ मध्ये दोन पोंगे म्हणजे भोंगे, आवाज वाढवणारं एक आहुजाचं मशीन आणि एक ट्रॅक्टरची बॅटरी एवढ्यावर सुरू केलं. लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, भंडारा, ग्रामजयंती, निवडणूक, शंकरपट, काहीही असो, आवाज आमचा. स्टेजवर कोण बसणार, काय बोलणार, हे आम्ही कधी विचारत नव्हतो. इसार घ्यायचा, पोंगे बांधायचे, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायचं आणि मशीनमागे बसायचं. धंदाच तसा आहे, असं मी मानत होतो.

कार्सन मला भेटला तो २०१९ च्या दिवाळीत. मोठा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो घरी आला होता आणि रात्री ओसरीत मोबाइलवर काही जुने व्हिडिओ बघत होता. मला इंग्रजी फार येत नाही. तो थांबवून थांबवून मराठीत सांगत गेला आणि मी बघत गेलो. त्या रात्री मला झोप आली नाही. का, ते पुढे येईलच.

आधी त्याच्याबद्दल थोडं, कारण लेखात तेही नव्हतं. कार्सनचा जन्म १९२५ चा, आयोवा राज्यातल्या कॉर्निंग नावाच्या लहान गावचा. वाढला नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात. सपाट मुलूख, मक्याची शेती. पोरवयात जादूचं पुस्तक हाती लागलं आणि त्यानं टपालानं जादूचं सामान मागवलं. आपल्याकडे मासिकातली जाहिरात बघून व्ही.पी.नं वस्तू मागवायचो, तसंच. चौदाव्या वर्षी 'ग्रेट कार्सोनी' नाव घेऊन तो गावातल्या लोकांपुढे प्रयोग करू लागला. म्हणजे टीव्हीच्या खुर्चीत बसायच्या कितीतरी आधीपासून त्याला ठाऊक होतं, की बघणाऱ्याची नजर एका हाताकडे वळवली की दुसऱ्या हातानं काम होतं. तो विनोदी म्हणून नावाजला, पण माझ्या लेखी तो आधी जादूगार. हाताची सफाई शिकलेला माणूस 'ही सफाई आहे' असं उघड सांगत असेल तर त्याच्यासारखा प्रामाणिक कोणी नाही. फसवणूक तो करतो, जो त्याच सफाईला दैवी शक्तीचं नाव देतो.

पहिली रात्र १ ऑगस्ट १९७३ ची. उरी गेलर नावाचा इस्राएलचा तरुण तेव्हा जगभर गाजत होता. नुसत्या मनाच्या जोरावर चमचा वाकवतो, बंद घड्याळ चालू करतो, डबीत काय आहे ते न उघडता सांगतो, असा त्याचा दावा. तो कार्सनकडे पाहुणा म्हणून येणार होता. कार्सनच्या माणसांनी जेम्स रँडी या जादूगाराला विचारलं, काय काळजी घ्यावी? रँडीनं सांगितलेली गोष्ट दोन ओळींची होती. सामान तुमचं तुम्ही ठेवा. आणि कार्यक्रम सुरू होईपर्यंत गेलरला किंवा त्याच्या कोणत्याही माणसाला त्या सामानाजवळ फिरकू देऊ नका.

कार्सननं तेवढंच केलं. टेबलावर ताट मांडलं. त्यात चमचे, छोट्या बंद डब्या, सगळं कार्सनच्या बाजूचं. गेलर येऊन बसला आणि ताट बघूनच त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं होतं तुम्ही प्रश्न विचाराल, असं काहीसं तो म्हणाला. मग डब्यांवरून हात फिरवला. चमचा हातात घेऊन बघितला. आज शक्ती जाणवत नाही, माझ्यावर दडपण येतंय, म्हणाला. वीसेक मिनिटं हे चाललं. एकही चमचा वाकला नाही.

मुलगा हसत होता. मी कार्सनकडे बघत होतो. त्यानं पाहुण्याला एकदाही टोमणा मारला नाही. घाई केली नाही. 'तू खोटा आहेस' असंही म्हटलं नाही. तो नुसता बसून राहिला, वाट बघत. इथं मला माझ्या धंद्यातलं एक सांगावंसं वाटतं. कार्यक्रमात पाच सेकंद आवाज थांबला की सगळा मंडप मागे वळून मशीनकडे बघतो. माईकवाल्याच्या पोटात गोळा येतो. शांतता ही आमच्या धंद्यातली सगळ्यात भीतीची गोष्ट. टीव्हीवाल्याला तर ती आमच्याहून जास्त भीतीची असणार. आणि हा माणूस कार्यक्रमाचा मालक असून, लाखो लोक बघत असताना, ती शांतता भरून काढत नव्हता. एखादा विनोद टाकला असता तर गेलर सुटला असता. तो टाकला नाही. विनोदावर पोट असलेला माणूस वीस मिनिटं गप्प राहिला, याची किंमत मला कळते.

आता दरबाराचं.

१९९९ चा हिवाळा. कापूस घरी आला होता, लोकांच्या हाती थोडा पैसा होता. तालुक्याबाहेरचा एक बाबा येणार, दोन दिवस दरबार भरणार, असं ठरलं. मंडप माझा, पोंगे माझे. बाबाचा कॉलर माईक मात्र त्याच्या माणसांनी आणलेला होता, तो फक्त माझ्या मशीनला जोडायचा होता. ठरलेल्या पैशांपैकी २,२०० रुपये शेवटी मिळणार होते. त्या वर्षी मी धाकट्याच्या आजारपणात उसनवारी केली होती, ते २,२०० माझ्यासाठी फार मोठे होते. हे कारण म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगतो.

मंडपाच्या तोंडाशी एक टेबल होतं. तिथं एक पोरगा वही घेऊन बसला होता. येणाऱ्याचं नाव, गाव, अडचण लिहून घ्यायचा आणि चिठ्ठी द्यायचा. बोलका पोरगा होता. बायांशी माई, आक्का करून बोलायचा, लेकराबाळांची चौकशी करायचा. त्याला मीच दोनदा चहा नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दरबार भरला आणि पोंग्यात बारीक खरखर सुरू झाली. त्या काळातले स्वस्तातले कॉर्डलेस माईक एफएम रेडिओच्याच पट्ट्यात बोलायचे. माझ्याकडेही तसाच एक होता. कुठे खरखर आली की मी खिशातला रेडिओ कानाला लावून काटा हळूहळू फिरवायचो, म्हणजे कोण कोणाच्या अंगावर येतंय ते कळायचं. त्या दिवशीही फिरवला. एका ठिकाणी बाबाचा स्वतःचा आवाज सापडला. काटा थोडा पुढे सरकवला तर दुसराच आवाज. त्या वहीवाल्या पोराचा.

"लाल लुगडं, तिसरी ओळ, खांबाले टेकून. पोरगा नऊ वर्षांचा, फेफरं येते. सेवाग्रामच्या गोळ्या चालू आहेत."

मी वर बघितलं. बाबानं डोळे मिटले होते, फेटा कानावर ओढलेला होता, एक बोट कानापाशी. दोन क्षणांनी त्यानं डोळे उघडले आणि तिसऱ्या ओळीतल्या खांबाकडे हात केला. बाईचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. तुझ्या लेकराला झटके येतात, म्हणाला. मंडपात एकच हुंदका उठला. ती बाई उभी राहिली तेव्हा तिला धरावं लागलं.

ती बाई आमच्या गल्लीतली. माझ्या बायकोसोबत निंदायला जाणारी.

बाबानं सांगितलं, गोळ्यांनी बाधा वाढते, गोळ्या बंद कर, हा ताईत बांध, सात अमावास्या इथे ये. तिनं पदराची गाठ सोडली, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि स्टेजवर नेऊन बाबाच्या पायाशी ठेवलं. माझ्याच पोंग्यांतून जयजयकार झाला. मशीनचा आवाज वाढवायची खूण झाली आणि मी वाढवला.

मी रेडिओ बंद करून खिशात टाकला. काही बोललो नाही.

रात्री वायरी गुंडाळून घरी आलो, बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा तिले. सकाय व्हायची वाट कायले पायता?" मी सकाळीच गेलो. ती बाई म्हणाली, "भाऊ, त्यायले माह्या पोराचं नाव कसं मालूम असंन मंग?" मी वहीचं सांगितलं, रेडिओचं सांगितलं. तिला पटलं नाही. पटावं असं माझ्या हातात काही नव्हतं. टेप केलं नव्हतं, कोणाला ऐकवलं नव्हतं. आणि मंडपात, जिथं सांगायला हवं होतं, तिथं मी गप्प बसलो होतो. दुसऱ्या दिवशी परत गेलो नाही. माझी मुख्य चूक तीच. एकदा सांगून हात झटकले.

पाच आठवड्यांनी त्या पोराला चुलीपाशी झटका आला. उजवा हात निखाऱ्यात गेला. दोन बोटं कायमची वाकली. नंतर गोळ्या परत सुरू झाल्या, झटके आटोक्यात आले. आज तो पस्तिशीचा आहे, लेकराबाळांचा बाप आहे, किराण्याचं दुकान चालवतो. हे पत्र लिहिण्याआधी त्याला विचारलं. नाव देऊ नका, बाकी सगळं लिहा, म्हणाला.

आता मला २०१९ च्या दिवाळीत झोप का लागली नाही ते कळेल. कार्सनची दुसरी रात्र १९८६ सालची. पीटर पॉपॉफ नावाचा धर्मप्रचारक अमेरिकेत मोठमोठ्या सभागृहांत सभा घ्यायचा. गर्दीतल्या माणसाला नावानं हाक मारायचा, त्याचा पत्ता सांगायचा, आजार सांगायचा आणि आजार पळाला म्हणून जाहीर करायचा. लोकांना तो औषधं स्टेजवर फेकायला लावायचा, आणि लोक फेकायचे. जेम्स रँडी आणि त्याच्या साथीदारांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत लहरी पकडणारं यंत्र नेलं. ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर त्यांना पॉपॉफच्या बायकोचा आवाज सापडला. लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या कार्डांवरून ती माहिती वाचून दाखवत होती, आणि पॉपॉफच्या कानात बारीक यंत्र होतं. सुरुवातीलाच ती विचारते, ऐकू येतंय ना, नसेल येत तर पंचाईत आहे.

हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.

रँडीनं ते सगळं कार्सनच्या कार्यक्रमात नेलं. लोकांनी पॉपॉफला नाव-गाव ओळखताना पाहिलं आणि त्यावर बायकोचा पकडलेला आवाजही ऐकला. मुलानं तो व्हिडिओ लावला तेव्हा मी त्याला म्हटलं, बंद कर. वीस वर्षं मला वाटत होतं की मी ऐकलं ते मी एकट्यानंच ऐकलं. कधी कधी तर वाटायचं, भास झाला असेल. आणि इथं तर माझ्या दरबाराच्या तेरा वर्षं आधी हेच सगळं पकडून, देशभर दाखवून झालेलं होतं. तीच वही, तोच कान, त्याच गोळ्या. आमच्या गावात ते कोणी दाखवलं असतं तर एका लेकराची दोन बोटं शाबूत असती.

रँडीनं पकडलं, हे खरं. श्रेय त्याचंच. पण रँडी एकटा असता तर ते चार जाणत्या लोकांत राहिलं असतं. कार्सननं त्याला स्वतःचा माईक दिला, रात्रीच्या त्या वेळी दिला जेव्हा घरोघरी माणसं अंथरुणात पडून टीव्ही बघत होती. पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, पॉपॉफच्या संस्थेनं दिवाळं काढलं.

कोणी म्हणेल, मग काय झालं? गेलर त्या रात्रीनंतरही गाजतच राहिला. उलट काही लोक म्हणाले, ठग असता तर चुकला नसता, चुकला म्हणजे शक्ती खरी. पॉपॉफही काही वर्षांनी टीव्हीवर परत आला. आमच्याकडचा बाबाही दुसऱ्या तालुक्यात दरबार भरवतच होता. हे सगळं मला ठाऊक आहे. शेतात निंदण एकदा करून भागत नाही, म्हणून कोणी निंदायचं सोडत नाही.

कार्सनची तिसरी एक गोष्ट आहे, लहान आहे पण मला ती फार लागते. डिसेंबर १९७३. तेलाच्या टंचाईनं अमेरिकेतले लोक आधीच धास्तावलेले. शौचालयात वापरायच्या कागदाची टंचाई येईल असं विस्कॉन्सिनचा एक लोकप्रतिनिधी म्हणाला होता. कार्सननं त्यावर कार्यक्रमात विनोद केला. लोकांनी तो खरा धरला, दुकानांत धाव घेतली, फळ्या रिकाम्या केल्या. टंचाई नव्हती, ती या पळापळीतून तयार झाली. पुढे त्यानं त्याच कार्यक्रमात खुलासा केला, की बाबांनो, असं काही नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला तेव्हा आमच्या गावच्या देवळातला पोंगा माझाच होता. मला म्हणाले, पुकार. मी पुकारलं. "गणपती दूध पिऊन राहिला, समद्यायनं चमचा घेऊन या." दुपारपर्यंत गावात चहाला दूध उरलं नाही. तान्ह्या लेकरांच्या वाटचंही देवळात गेलं. दुधाचा थेंब दगडाला लागला की पृष्ठताणानं खेचला जातो आणि मूर्तीवरून पातळ ओघळत खाली जातो, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं. ते आम्ही पेपरात वाचलं. पण मी पोंग्यावरून पुन्हा काही पुकारलं नाही. ज्या पोंग्यानं गाव बोलावलं, त्याच पोंग्यावरून खुलासा करायला हवा होता. एवढा मोठा टीव्हीवाला कागदासाठी खुलासा करतो आणि मी लेकरांच्या दुधासाठी केला नाही, हे मला अजून सलतं.

लेख लिहिणाऱ्यांना माझी तक्रार आहे ती इथं. तुम्ही कार्सनचा वारसा मोजला तो त्याच्यामागून आलेल्या सूत्रसंचालकांवरून, टेबल आणि सोफ्याच्या मांडणीवरून. त्यानं गावाला दिलेलं दानही एका ओळीत उरकलं. नॉरफोकच्या शाळेला नाट्यगृह, तिथं कॅन्सरवर किरणोपचाराचं केंद्र, नेब्रास्का विद्यापीठात त्याच्या नावाचं नाट्य-चित्रपट विद्यालय. गावाकडून गेलेला माणूस गावाला विसरला नाही याचं मला कौतुक आहे. पण माझ्या हिशेबात त्याचा खरा ठेवा ते ताट आहे. पाहुण्यानं आणलेलं सामान बाजूला ठेवून, स्वतःच्या बाजूचे चमचे मांडलेलं ताट.

आणि हे काही परकं नाही. आमच्या भागात रात्रीच्या गप्पांचा सगळ्यात मोठा माणूस टीव्हीच्या आधीच होऊन गेला. शेंडगावचे गाडगेबाबा. माझ्या आज्यानं त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. दिवसा खराट्यानं गाव झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तन म्हणजे एकट्यानं बोलणं नव्हे. ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न. नवसाला बकरं कापण्यावर, बुवाबाजीवर, कर्ज काढून तेरवी करण्यावर, सगळ्यावर. कोणाला पाया पडू देत नव्हते. आज्या सांगायचा, घरी येईपर्यंत आम्ही त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आपसात देत यायचो. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. १९८२ पासून नागपुरात श्याम मानवांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली, तिची मुळं याच मातीत आहेत.

त्या समितीच्या कार्यकर्त्यांचा प्रयोग आमच्या शाळेच्या पटांगणात २००३ साली झाला. पोंगे माझेच होते. लिंबातून रक्त काढून दाखवलं आणि मग सुरीला जास्वंदाच्या फुलाचा रस लावलेला होता ते दाखवलं. मंत्रानं पेटणारा होम दाखवला आणि मग त्यातलं पोटॅशियम परमँगनेट आणि तूप म्हणून ओतलेलं ग्लिसरीन दाखवलं. पुढच्याच महिन्यात गावात एक भोंदू लिंबू कापायला बसला. शेजारच्या एका म्हातारीनं घरातून स्वतःची विळी आणि स्वतःच्या परसातलं लिंबू आणून त्याच्यापुढे ठेवलं. "याच्यावर काप," एवढंच म्हणाली. तो उठून गेला. त्या म्हातारीनं कार्सनचं नाव ऐकलेलं नव्हतं, तरी ताट मात्र तिनं त्याच्यासारखंच मांडलं.

तेव्हापासून माझा धंद्याचा नियम असा आहे. दरबार, चमत्कार, झाडफूक असल्या कार्यक्रमाला माझं सामान मिळत नाही. भजन, कीर्तन, सप्ताह, त्याला दर कमी करून देतो. आणि कोणत्याही मोठ्या सभेत, कोणाचीही असो, माझा रेडिओ मशीनवर चालू असतो. नियम केल्यावर दोन-तीन मोठी गिऱ्हाइकं तुटली. दोन वर्षं ओढाताण झाली. मग सावरलं.

आपल्याकडे आता कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. चमत्कार दाखवून पैसे उकळणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, हे गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. गावात किती जणांना हे माहीत आहे? पावसाळा लागला की आमच्या भागात साप चावल्याची बातमी आठवड्याला ऐकतो, आणि आजही माणूस आधी देवळात नेला जातो.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या आहेत. एक, या कायद्यातली अनुसूची, म्हणजे कोणकोणती कृत्यं गुन्हा ठरतात त्याची यादी, आपल्या पेपरात सोप्या मराठीत छापा, पेरणीच्या आधी, पहिल्या पानावर जागा नसेल तर बाजारभावाच्या शेजारी छापा. ते पान गावात सगळे वाचतात. दोन, दरबाराच्या पानभर जाहिराती सगळीकडे छापून येतात. तशी जाहिरात घेऊन कोणी आला तर जाहिरात विभागानं त्याला एकच विचारावं, की तुमच्या कार्यक्रमात आमचा बातमीदार स्वतःचा रेडिओ घेऊन मशीनजवळ बसला तर चालेल का? ज्याचं खरं आहे तो हो म्हणेल. मीही पैशासाठी गप्प बसलेला माणूस आहे, म्हणून हे हक्कानं नाही, कळवळ्यानं लिहितो.

आर्वी, कारंजा, आष्टी, देवळी, कुठल्याही तालुक्यातल्या मंडपवाल्याला किंवा माईकवाल्याला कानातलं यंत्र कसं पकडायचं हे शिकायचं असेल तर दुकानी यावं. आताचे कॉर्डलेस वेगळ्या लहरींवर चालतात, साध्या रेडिओवर सगळे सापडत नाहीत. त्यासाठी काय लागतं ते मुलाकडून शिकून घेतलं आहे, तेही दाखवीन. पैसे घेणार नाही. सोमवारी आमचा बाजार असतो, तो सोडून कधीही या. येताना तुमचं स्वतःचं मशीन घेऊन या, माझ्या मशीनवर दाखवलेलं खरं धरू नका.

आपला,
एक लाऊडस्पीकरवाला
तालुका आर्वी, जि. वर्धा